जुनी लक्झरी सेडान घ्यायची का? आधी गॅरेज, मग कागद, शेवटी गाडी

बारा वर्षांची मर्सिडीज ई-क्लास नव्या हॅचबॅकच्या भावात जाहिरातीत दिसली की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी गाडी बघायला जायचं, ती आवडली की टोकन द्यायचं, मग कागद मागायचे. मेकॅनिक शोधायचा तो डॅशबोर्डवर पहिला पिवळा दिवा लागल्यावर. हा क्रम नेमका उलटा हवा. गाडी समोर उभी असताना, लेदरच्या सीटवर बसून घेतलेला निर्णय हिशेबाचा राहत नाही.

गाडीची किंमत घसरते, तिच्या पार्ट्सची घसरत नाही. ५० लाखांच्या गाडीचा गिअरबॉक्स बारा वर्षांनीही ५० लाखांच्या गाडीचाच असतो, बिलही त्याच हिशेबाने येतं. म्हणून ‘किती स्वस्त मिळतेय’ यापेक्षा ‘घेतल्यावर पहिल्या वर्षात किती लागेल’ हा आकडा आधी काढायचा. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

इथे डोळ्यांसमोर आहेत साधारण २०१० ते २०१६ मधल्या, भारतात जोडलेल्या जर्मन सेडान: चाकणची मर्सिडीज सी-क्लास आणि ई-क्लास, चेन्नईची बीएमडब्ल्यू ३ सिरीज आणि ५ सिरीज, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची ऑडी ए४ आणि ए६. जॅग्वार किंवा व्होल्वोलाही टप्पे हेच, फक्त जाणकार गॅरेज आणखी कमी.

## टप्पा १: गाडी न बघता चार प्रश्न

घरात दुसरी चालती गाडी आहे का? नसेल तर इथेच थांबलेलं बरं. जुनी लक्झरी गाडी पार्टची वाट बघत आठ-दहा दिवस गॅरेजमध्ये उभी राहू शकते, आणि तेवढे दिवस तुम्ही रिक्षाने फिरणार.

पार्किंग कुठे आहे? उघड्यावर, झाडाखाली लावणार असाल तर सनरूफचे निचऱ्याचे पाइप पाल्याने तुंबतात आणि पाणी कार्पेटखाली उतरतं. बेसमेंटमध्ये उंदीर असतील तर वायरिंग कुरतडतात. या गाड्यांचं वायरिंग शोधून दुरुस्त करायला लागणारे तास कोणी फुकट देत नाही.

सोसायटीचा रॅम्प आणि गल्लीतले स्पीडब्रेकर गाडी न घासता ओलांडेल का? ५ सिरीज आणि ई-क्लास लांब आहेत, चार माणसं बसली की आणखी खाली बसतात. रॅम्पचा उतार आजच नीट बघून ठेवा.

रोजचा वापर किती आणि कसा? रोज चार किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढाच असेल तर जुनी डिझेल घेऊ नका. इंजिन नीट गरम होण्याआधीच बंद होत राहिलं की ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, काजळी साचते.

## टप्पा २: आधी गॅरेज पक्कं करा

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये १२ वर्षांची गाडी सांभाळणं बहुतेकांना झेपत नाही. त्यामुळे स्वतंत्र, पण याच गाड्यांचं काम करणारं गॅरेज लागतं. मुंबई, पुणे, नाशिकला ती मिळतात. लातूर, चंद्रपूर किंवा रत्नागिरीला राहत असाल तर सर्वांत जवळचं जाणकार गॅरेज किती अंतरावर आहे ते मोजा आणि तिथवर फ्लॅटबेडवर गाडी न्यायला किती लागतात ते विचारून घ्या. दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढत नेणं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला घातक ठरू शकतं, क्वाट्रोला (चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑडीला) तर नक्कीच.

गॅरेजमध्ये प्रत्यक्ष जा आणि हे विचारा:

१. कंपनीच्या पातळीचा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं यंत्र) आहे का? मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस. पाच-दहा हजारांचा साधा ओबीडी स्कॅनर इंजिनच्या बिघाडाचे कोड दाखवतो. गिअरबॉक्स, एअरबॅग, स्टिअरिंग लॉक यांच्या आत तो शिरत नाही.

२. हेच मॉडेल सध्या गॅरेजमध्ये कामाला आहे का? असेल तर काय काम चाललंय?

३. पार्ट कुठून आणता? नवे मूळ, कंपनीच्याच पुरवठादाराचे पण त्याच्या स्वतःच्या डब्यातले, की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे किंवा दिल्लीच्या मायापुरीतले जुने? तिन्हींना आपापली जागा आहे. दाराचा आरसा जुना चालतो. वॉटर पंप, इंजेक्टर आणि ब्रेकचे पार्ट जुने घेऊ नका.

४. या पाच कामांचा अंदाज कागदावर द्याल का: गिअरबॉक्स तेल व फिल्टर, पुढच्या सस्पेन्शनचे सगळे आर्म, टायमिंग चेन किंवा बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा), एसी कॉम्प्रेसर, चार टायर?

पाचव्या टप्प्यानंतर तुम्ही ज्या गाडीसमोर उभे असाल तिचा भाव या कागदावरून ठरणार आहे.

थांबा: ‘साहेब, आधी गाडी घ्या, मग बघू’ असं म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याचा नंबर ठेवायची गरज नाही. गाडी विकणाऱ्या दलालानेच सुचवलेलं गॅरेज तपासणीसाठी घेऊ नका, मग ते कितीही चांगलं असो.

## टप्पा ३: बॅज बघू नका, इंजिन आणि गिअरबॉक्स बघा

‘बीएमडब्ल्यू चांगली की मर्सिडीज’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. एकाच मॉडेलमध्ये एक इंजिन सांभाळण्याजोगं असतं आणि दुसरं खिसा कापणारं.

३ आणि ५ सिरीज. ३२०डी आणि ५२०डीमध्ये साधारण २०१५ पर्यंत एन४७ डिझेल इंजिन होतं. त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती बदलायची म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायचा. चेनच्या किमतीपेक्षा मजुरी मोठी. त्यानंतरचं बी४७ यापेक्षा बरं. पेट्रोल ३२८आय आणि ५२०आयमध्ये एन२० इंजिन असेल तर २०१५ आधीच्या गाड्यांत चेनचे प्लास्टिक गाइड तुटण्याचा दोष माहीत आहे. गिअरबॉक्स मात्र यातल्या बहुतेक गाड्यांत झेडएफचा आठ गिअरचा आहे, माझ्या मते या वर्गातला सर्वांत चांगला. ‘आयुष्यभराचं तेल’ या बोलण्यावर जाऊ नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या तळपात्रातच असतो, त्यामुळे अख्खं तळपात्र बदलावं लागतं.

सी आणि ई-क्लास. डब्ल्यू२०४ पिढीच्या सी-क्लासमधलं एम२७१ पेट्रोल इंजिन चेन ताणली जाणं आणि कॅमशाफ्टचे अ‍ॅडजस्टर झिजणं यासाठी प्रसिद्ध आहे. ओएम६५१ डिझेल एकंदर दणकट आहे, पण सुरुवातीच्या वर्षांतल्या पिएझो इंजेक्टरचा (इंजिनमध्ये डिझेल फवारणाऱ्या पार्टचा) त्रास जगभर झाला. इंजेक्टर बदलल्याचं बिल असेल तर ती जमेची बाजू. सात गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये आतली कंडक्टर प्लेट आणि तिच्यावरचे सेन्सर बिघडतात. डब्ल्यू२०४चं आणखी एक दुखणं म्हणजे इलेक्ट्रिक स्टिअरिंग लॉक. एका सकाळी किल्ली आत घालता आणि काहीच होत नाही, दिवे लागत नाहीत, स्टिअरिंग सुटत नाही. हा लॉक बदललाय का किंवा त्याच्यावर काम झालंय का, हा प्रश्न मालकाला नक्की विचारा.

ए४ आणि ए६. साधारण २०१२ पर्यंतच्या १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोलमध्ये पिस्टन रिंगमुळे इंजिन ऑइल पिण्याची तक्रार असते, शिवाय चेनचा टेन्शनर निकामी झाला तर इंजिनच जातं. २.० टीडीआय डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. तो वॉटर पंपासकट कधी बदलला त्याचं बिल हवं. फ्रंट व्हील ड्राइव्ह डिझेलमध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो. तो ट्रॅफिकमध्ये थरथरायला लागला की दुरुस्तीचे पर्याय थोडे आणि महाग. मी तो गिअरबॉक्स असलेली ए४ स्वस्तातही घ्या म्हणणार नाही.

एस-क्लास आणि ७ सिरीज. एअर सस्पेन्शन, दरवाजे स्वतः ओढून घेणाऱ्या मोटारी, मागच्या सीटच्या पंख्यापर्यंत सगळं. पहिल्या लक्झरी गाडीसाठी हा वर्ग सोडून द्या.

पेट्रोल घेणाऱ्यांनी टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मालकाची पुस्तिका बघावी. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या आणि पंप यांच्याकडे गॅरेजवाल्याला जास्त लक्ष द्यायला सांगा.

## टप्पा ४: घरबसल्या कागद

विकणाऱ्याकडून आरसी, चालू पॉलिसी आणि सर्व्हिसची बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. द्यायला टाळाटाळ झाली तर प्रकरण तिथेच संपलं.

आरसी. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक क्रमांक (गाडी कितव्या मालकाकडे आहे), उत्पादनाचा महिना आणि वर्ष, इंधन, एचपी (आरसीवरचा कर्जाचा बोजा) चढवलेलं आहे का हे ताडून घ्या. कर्ज फिटलं असेल पण एचपी उतरवलं नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याने आणायचा, तुम्ही नाही. दंडाची चलनं किती थकलीत तेही बघा. चकचकीत सेडानवर एक्सप्रेसवेच्या वेगाची चलनं बरीच असतात.

कंपनीच्या नावावरची गाडी. या वर्गातल्या अनेक गाड्या कंपनीच्या नावाने घेतलेल्या असतात. सही करणाऱ्याला तसा अधिकार असल्याचं ठरावाचं पत्र, शिक्का आणि कंपनीचे कागद लागतात. कंपनी बंद पडली असेल किंवा भागीदारांत वाद असेल तर गाडी कितीही छान असली तरी हात लावू नका.

पॉलिसीतला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट). ही ओळ फार कमी लोक वाचतात. बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक चढतो आणि एक क्लेम झाला की शून्यावर येतो. ‘एकही स्क्रॅच नाही’ म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर शून्य टक्के दिसत असेल तर काय झालं होतं ते विचारा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर या ओळीतून काहीच कळणार नाही.

दिल्ली पासिंग. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे बंधनं आली, तेव्हापासून तिकडच्या डिझेल सेडान महाराष्ट्रात स्वस्तात येतात. त्या स्वस्ताईत तीन खर्च धरलेले नसतात: तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथे नवीन नंबर, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा टॅक्स तुम्ही दिलेल्या आठ लाखांवर नाही, तर गाडीची मूळ किंमत आणि वय बघून ठरतो. नव्या गाडीला महाराष्ट्रात २० लाखांवर पेट्रोलला १३ आणि डिझेलला १५ टक्के दर आहे. वयाप्रमाणे तो उतरतो, पण मूळ आकडा ५० लाखांचा असल्यामुळे उतरूनही टोचतो. आरटीओत आधी रक्कम विचारा, मग भाव बोला. तिकडचा उरलेला टॅक्स परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो पैसा हिशेबात धरू नका.

१५ वर्षांची रेघ. २०१२ची गाडी २०२७ मध्ये १५ वर्षांची होते. तेव्हा तपासणी, पर्यावरण कर आणि नोंदणी नूतनीकरण आलं. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी साध्या कारला ५ हजार आणि आयात केलेल्या कारला ४० हजार रुपये आहे. म्हणून गाडी भारतात जोडलेली की थेट आयात, हे आरसी आणि मूळ बिलावरून बघा. नूतनीकरणाला दोन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर तो खर्च भावातून वजा करायचा.

तपासा: किलोमीटर. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं रेकॉर्ड मालकाला त्याच्याच हाताने काढायला सांगा आणि प्रत्येक बिलावरचा आकडा तारखेच्या क्रमाने कागदावर लिहा. आकडा कुठे मागे गेलाय, किंवा तीन वर्षं जवळजवळ हललेलाच नाही, हे असंच सापडतं.

## टप्पा ५: थंड इंजिनवर पाहणी

सकाळची वेळ घ्या आणि आदल्या रात्रीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर पहिली गोष्ट: बोनेटवर हात. गरम असेल तर नम्रपणे परत या किंवा दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. ‘जरा फिरवून आणली’ ही सबब फार ऐकायला मिळते, कारण चेनची खडखड आणि धूर हे दोन्ही पहिल्या काही सेकंदांत दिसतात आणि गरम इंजिनवर लपतात.

१. बाहेरून. पेंटची जाडी मोजायचं यंत्र गॅरेजकडून उसनं आणा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा रंगवलेला पॅनल दोनशे-तीनशे दाखवतो, खाली पुट्टी असेल तर पाचशेच्या पुढे. एखादा बंपर किंवा फेंडर रंगवलेला असणं आपल्या शहरांत साहजिक आहे. छप्पर आणि दरवाज्यांमधले खांब रंगवलेले असतील तर गाडी सोडून द्या.

२. पाण्यात बुडाली होती का. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पुराचं पाणी गाड्यांवरून गेलं. मुंबईत तर जवळपास दर पावसाळ्यात कुठलं ना कुठलं बेसमेंट भरतं. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा; शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातीची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. पुढची सीट पूर्ण मागे घेऊन रुळांवरचे बोल्ट बघा, गंज दिसतो. कार्पेटखालच्या फोममध्ये बोटं खुपसा. डिकीचा तळ उचला: बीएमडब्ल्यूची बॅटरी आणि काही कंट्रोल युनिट (गाडीचे छोटे कॉम्प्युटर) तिथेच असतात, कनेक्टरवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर ते पाण्याचं लक्षण. आत अत्तराचा घमघमाट असेल तर दारं बंद करून एसी न लावता पाच मिनिटं बसा, खरा वास वर येतो.

३. टायर. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१८’ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाचा बाकीच्या देखभालीतला हातही तसाच आखडता असणार. बीएमडब्ल्यूमध्ये बहुधा रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) असतात. साधे बसवले असतील तर स्टेपनी किंवा पंक्चर किट आहे का ते बघा.

४. बोनेटखाली. ऑइलचं झाकण उघडा. आत फिकट कॉफीसारखा चिकट थर असेल तर तेलात कूलंट मिसळतोय का याची शंका घ्यायची. कूलंटच्या टाकीत नुसतं पाणी दिसत असेल तर गळती पुन:पुन्हा भरून काढली जातेय.

५. स्टार्ट. आता काच खाली करून, एक माणूस बोनेटजवळ आणि एक सायलेन्सरजवळ उभा करून चालू करा. एन४७ असेल तर कान बोनेटच्या मागच्या बाजूला, काचेजवळ ठेवा. साखळी घासल्यासारखा आवाज तिथून येतो. एम२७१मध्ये एक-दोन सेकंदांची खडखड पुढून येते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिसेंबरच्या सकाळी पांढरी वाफ दिसली तर घाबरू नका, इंजिन तापल्यावर ती थांबली पाहिजे.

६. आतली प्रत्येक कळ. चारही काचा, सनरूफ, सीटच्या सगळ्या हालचाली, मागचा एसी, स्क्रीन, कॅमेरा, पार्किंग सेन्सर. कंटाळा येतो म्हणून लोक हे सोडतात. दोन किल्ल्या हातात घेऊन दोन्हींनी गाडी चालू करा. दुसरी किल्ली ‘घरी आहे’ असं कळलं तर ती नाही असं समजून पैसे कापा.

## टप्पा ६: चालवून बघा, पण तुमच्या रस्त्यावर

विकणारा गुळगुळीत रस्त्यावर नेतो. तुम्ही गाडी ट्रॅफिकमध्ये, चढावर आणि खड्ड्यांत घाला. किमान अर्धा-पाऊण तास, म्युझिक बंद.

ब्रेक दाबून डी वरून आर आणि परत डी टाका. एक-दीड सेकंदापेक्षा जास्त उशीर किंवा धक्का नको. मंद वेगात, एक्सिलरेटर न देता रांगत जा. मल्टिट्रॉनिकची थरथर आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे हिसके इथे उघडे पडतात. स्पीडब्रेकरवर एक चाक घालून तिरकं उतरा: ‘ठक’ आला तर बुश किंवा कंट्रोल आर्म. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल धरा आणि कुणी मागून येत नाही हे बघून जोरात ब्रेक मारा; गाडी एका बाजूला ओढते का ते कळतं. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर चाकाच्या कमानीची उंची टेपने मोजून ठेवा आणि चार-पाच तास उभी राहिल्यावर पुन्हा मोजा.

तपासा: परत आल्यावर गाडी दहा मिनिटं चालू ठेवून एसी पूर्ण लावा. तापमानाचा काटा वर सरकला किंवा थंडावा कमी झाला, तर कूलिंग आणि एसी दोन्ही यादीत घाला.

## टप्पा ७: तुमच्या गॅरेजमध्ये लिफ्ट आणि स्कॅन

इथवर आवडली तरच हा खर्च करा. विकणारा ‘माझ्याच गॅरेजमध्ये दाखवा’ म्हणून अडून बसला तर सौदा मोडा.

स्कॅनमध्ये नुसते कोड बघू नका, कोड कधी पुसले तेही बघायला सांगा. कालच सगळं साफ केलं असेल तर स्कॅन स्वच्छ दिसणारच. म्हणून टेस्ट ड्राइव्ह आधी आणि स्कॅन नंतर. किलोमीटरचा आकडा मीटरशिवाय इतर कंट्रोल युनिटमध्येही नोंदलेला असतो, बीएमडब्ल्यूच्या किल्लीतसुद्धा. मीटर मागे करणारे सगळ्या जागा बदलत नाहीत. मीटरवर ६८ हजार आणि गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये १ लाख ४० हजार दिसले, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

लिफ्टवर तळ बघा. ऑइल फिल्टर हाउसिंग, व्हॉल्व्ह कव्हर आणि गिअरबॉक्स पॅन यांच्या कडा ओल्या असणं या वयात नेहमीचं आहे. ते यादीत लिहायचं, घाबरायचं नाही. अख्खा तळ प्रेशरने धुऊन काळा रंग मारलेला असेल तर गॅरेजवाल्याला गळती आणि गंज दोन्ही शोधायला सांगा. किनाऱ्याजवळच्या गाडीचे सबफ्रेम आणि ब्रेकचे धातूचे पाइप जास्त बारकाईने बघा.

तपासणीनंतर गॅरेजवाल्याकडून दोन याद्या घ्या: आत्ताच करावं लागेल ते, आणि दोन वर्षांत येणार ते. दोन्हींपुढे आकडे हवेत.

## टप्पा ८: हिशेब

समजा मागणी ९ लाख आहे. आत्ताच्या कामांची यादी दीड लाख. विमा, नावावर करणं, नवी नंबरप्लेट वगैरे मिळून ६० हजार. इथपर्यंत ११ लाख १० हजार झाले. यात राखीव रक्कम मिळवा. माझा ढोबळ नियम: खरेदीच्या किमतीच्या निदान पाव हिस्सा, म्हणजे इथे सव्वादोन लाख, बँकेत वेगळा पडून हवा. एकूण १३ लाख ३५ हजार. हा आकडा हातात असेल तर ९ लाखांची गाडी तुम्हाला परवडते. ९ लाखच असतील तर साडेपाच लाखांची बघा, आणि त्या किमतीत ई-क्लास येत नसेल तर ई-क्लास तुमच्यासाठी नाही. जुन्या लक्झरी गाडीसाठी कर्ज काढू नका. राखीव रकमेचा हप्ता झाला की पहिला मोठा बिघाड क्रेडिट कार्डवर जातो.

विम्याचं गणित वेगळं बघा. झिरो डेप (पार्ट्सचा घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) बहुतेक ठिकाणी ठरावीक वयापर्यंतच मिळतं. ते नसेल तर क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबरी पार्ट्सचे निम्मेच पैसे मिळतात, आणि १० वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्ट्सचेही निम्मेच. या गाड्यांचे पुढचे दिवे महाग असतात. एक किरकोळ धडक झाली तर तुमच्या वाट्याला काय येईल ते एजंटला आकड्यात विचारा. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) चर्चेने ठरते, ती खरेदीच्या किमतीच्या आसपास ठेवायला सांगा. पाणी शिरून इंजिन बंद पडण्याचं कव्हर मिळत असेल तर घ्या, मिळत नसेल तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात ही गाडी घालायची नाही.

भाव करताना यादी पुढे ठेवा. ‘कमी करा ना’ म्हणण्यापेक्षा ‘टायर आणि आर्म यांचे एवढे’ म्हटलं की समोरच्याकडे बोलायला काहीतरी असतं.

## टप्पा ९: पैसे, ताबा, नाव

टोकन द्यायचं ते आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात, आणि कोणत्या अटीवर परत मिळेल हे व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून. बाकी रक्कमही त्याच खात्यात. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेणं आयकर कायद्याने घेणाऱ्याला महागात पडतं, त्यामुळे ‘अर्धे रोख द्या’ला सरळ नाही म्हणा.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, मूळ आरसी, पीयूसी, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची बिलं आणि ताबा पावती. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ लिहा. त्याच दुपारचं चलन कोणाचं यावरून नंतर भांडणं होतात. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का तेही तेव्हाच बघा.

एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायचं.

थांबा: नाव बदलेपर्यंत विमा आहेच, असं समजू नका. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर आपोआप येतं, तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करा, आणि शक्य असेल तर ताबा घेण्याआधीच स्वतःच्या नावाची नवी पॉलिसी काढा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्या नावाला चिकटलेला असतो.

## टप्पा १०: पहिला महिना

लांबच्या प्रवासाला जाण्याआधी गाडी गॅरेजमध्ये द्या. आधीच्या मालकाने काय बदललं यावर विश्वास न ठेवता इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअरबॉक्सचं तेल नव्याने भरा. ऑइलच्या डब्यावर कंपनीचा मंजुरी क्रमांक बघा: मर्सिडीज डिझेलला २२९.५१, बीएमडब्ल्यू डिझेलला लाँगलाइफ-०४. मंजुरी नसलेलं ऑइल स्वस्त पडतं म्हणून भरू नका. डॅशबोर्ड २० हजार किलोमीटरचा अवधी दाखवत असला तरी आपल्या ट्रॅफिकला आणि धुळीला १० हजारावर किंवा वर्षाने बदललेलं बरं. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तर ती स्कॅनरवर नोंदवून घ्या, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चालू राहतं.

जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि तुमचा नवा लावा. हजारएक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा स्कॅन करा आणि तो प्रिंट पहिल्या प्रिंटशेजारी ठेवून बघा. जो कोड दोन्हीकडे आहे, त्याचं काम आधी.